दसऱ्याला पुसलेले यंत्र

माझ्याकडे एकशे चार पानांची एक फाईल आहे. तिच्यातला शब्द न् शब्द माझ्या वडिलांनी सांगितला आणि माझ्या बोटांनी टंकित केला. तरीही जवळजवळ सोळा वर्षे ती मला वाचता येत नव्हती. संगणकाची प्रणाली बदलली, जुना प्रोग्राम चालेना, असे मी लोकांना सांगत असे, आणि ते खोटे नव्हते. पण त्या कारणाच्या आड मी माझी जी चूक इतकी वर्षे ठेवली, ती मात्र यंत्राची नव्हती. ती येथे लिहून ठेवावी असे आता वाटते.

आम्ही लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. वडील आणि मी. आई आधीच गेली होती. माझे लग्न झाले नाही. वडील मिलमध्ये मागावर होते, संपानंतर मिल सुटली ती सुटलीच. पुढे काही वर्षे त्यांनी एका गोदामावर पहारा केला आणि मग काचबिंदूने डोळे अधू झाले. खिडकीची चौकट त्यांना दिसे, दारात कोणी उभे राहिले तर सावली दिसे. अक्षर दिसत नसे. मी फोर्टातल्या एका कचेरीत टंकलेखक होतो. सकाळी मी पोळ्या लाटायच्या आणि त्यांनी, नजर नसताना, केवळ हाताच्या सवयीने तांदूळ निवडायचे, असा आमचा संसार होता.

एक मे आला की गल्लीतले मंडळ चळवळीतल्या म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसवून हार घालीत असे. वडिलांना दरवर्षी बोलावणे येई आणि दरवर्षी त्यांचा पाय दुखत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते, प्रभातफेऱ्यांत होते, भिंती रंगवण्यात होते, हे चाळीत सर्वांना ठाऊक होते. ते स्वतः मात्र त्याविषयी कधी बोलले नाहीत. एका वर्षी मंडळाची माणसे परत गेल्यावर ते मला म्हणाले,

"तुजा ता मशीन मराठी लिवता मां?"

"लिहितं की."

"मगे माजा लिव. एका बाईक देवचा आसा."

ती बाई कोण, हे मला विचारावे लागले नाही. परळला, रुळांच्या पलीकडच्या चाळीत, वडिलांच्या एका मित्राची धाकटी बहीण राहत असे. तो मित्र वडिलांहून दोन वर्षांनी मोठा. दोघे एकाच रात्रशाळेत जात. चळवळीच्या दिवसांत गर्दीत सापडून त्याच्या छातीला मार बसला, काही आठवडे तो इस्पितळात होता, मग घरी आला, पण जिना चढवेना, आणि राज्य होण्याआधीच तो गेला. हुतात्म्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. एवढेच मला माहीत होते. वर्षातून एकदा वडील संत्री घेऊन त्या बाईंकडे जात आणि तासभर बसून येत. मी त्यांना आत्या म्हणत असे.

आमचा संगणक मी कचेरीतल्या एकाकडून जुना घेतला होता. मराठीसाठीचा प्रोग्राम गिरगावातल्या एका गृहस्थाकडून आणला होता. लग्नपत्रिकांच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली होती आणि तेथे बसून त्यांनी स्वतःच मराठी अक्षरे तयार केली होती. त्या प्रोग्रामच्या कळांची मांडणी टंकयंत्राप्रमाणेच होती, म्हणून मला तो फार सोयीचा वाटला. माझी बोटे दादरच्या टंकलेखन वर्गात घडली होती. तेथे आमचे सर पहिल्याच दिवशी सांगत, "मजकुरात शिरायचं नाही. शिरलात की बोट अडखळतं." एकदा उतारा टंकित करताना माझ्या शेजारची मुलगी हसली. सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"हसू कशाचं आलं?"

"सर, ह्यात तो सासरा—"

"म्हणजे वाचलंत. मग चुका मोजा आता."

तिच्या चार चुका निघाल्या. माझी एकही नव्हती. मी त्या उताऱ्यात सासरा होता हेदेखील जाणत नव्हतो. सरांनी माझा कागद सर्वांना दाखवला. त्या दिवसाचा मला पुढे कितीतरी वर्षे अभिमान होता.

सकाळी सात ते साडेआठ वडील सांगत आणि मी टंकित करीत असे. ते खाटेवर भिंतीला पाठ लावून बसत. एरवी मालवणी बोलणारे वडील सांगताना रात्रशाळेतल्या निबंधाची मराठी वापरीत, प्रत्येक वाक्य तोंडात घोळवून मग बाहेर काढीत. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलेला असे. गेरू आणि चुना, ट्राम, अश्रुधुरासाठी ओला रुमाल आणि कांदा, कुणाच्या तरी आजीने गॅलरीतून ओतलेले पाणी. असे शब्द कानावरून जात. आज मला तेवढेच आठवतात. माझे मन त्या वेळी कचेरीतल्या बढतीच्या यादीवर असे, किंवा डाळ उतू जाते आहे का याकडे असे. कधी वडील मध्येच थांबत. ते शब्द शोधत आहेत असे मी समजे, बोटे कळांवर तशीच ठेवून वाट पाहत असे आणि मधूनमधून "हं" म्हणत असे. त्या "हं"मुळे त्यांना वाटले असेल की समोर कोणीतरी आहे.

पावसाळा गेला, गणपती झाले, आणि नवरात्राच्या थोडे आधी एका सकाळी ते म्हणाले, "झाला. संपला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आता सगळा एकदा वाचून दाखव. माका खात्री करूक व्हयी. मगे छापून दी. मी स्वतः घेवन जातंय तिच्याकडे."

"दसऱ्याला वाचू," मी म्हणालो.

दसऱ्याचे कारण असे. मिलमध्ये खंडेनवमीला माग उघडून साफ करीत. वर्षभराची कापसाची धूळ, तेलाचा काळा थर, सारे काढायचे, सुताच्या चिंध्यांनी पुसायचे, नवे तेल घालायचे आणि मग हार, हळदकुंकू, नारळ. मिल गेली तरी वडिलांनी ही चाल सोडली नव्हती. त्या दिवशी ते शिवणयंत्र, विळी, माझी सायकल, सर्व चाचपून चाचपून पुसून घेत. त्या वर्षी संगणकही पूजेत होता. तो बराच सुस्त झाला होता, आणि कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मला नव्या प्रणालीची सीडी दिली होती. त्याने बजावले होते, की जुन्याच्या वर चढवशील तर कचरा राहील. सगळे पुसून घाल.

नवमीला मी बसलो तेव्हा वडिलांनी विचारले, "काय करतंस?"

"मशीन साफ करतोय, बाबा. जुनं सगळं पुसून नवीन घालायचं."

"पुसून घे," ते समाधानाने म्हणाले. "अर्धीमुर्धी सफाई नको. मळ रवलो तर माग धागो तोडता."

मी निष्काळजीपणे काहीच केले नाही, हे सांगताना आजही मला संकोच वाटतो, कारण ते खरे आहे. फाईल मी सीडीवर उतरवली, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही सीड्या डब्यात ठेवल्या. गिरगावच्या प्रोग्रामची फ्लॉपी त्याच डब्यात होती. फाईल जपली म्हणजे वडिलांचे सांगणे जपले, अशी माझी समजूत होती. मग मी यंत्र पुसले.

दसऱ्याला सकाळी पडद्यावर झेंडूचा हार घातला, कळांच्या कडेला हळदकुंकू वाहिले. समोरच्या खोलीतल्या काकू गोडाची वाटी घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थबकल्या.

"अगो बाई, टीव्हीक हार? नारळ खंय फोडतलंस रे, ह्याच्या डोक्यार?"

"टीव्ही न्हय तो," वडील खाटेवरून म्हणाले. "माजो जबाब आसा त्याच्यात."

काकू हसल्या. मीही हसलो. जबाब हा शब्द मी तेव्हाही केवळ ऐकला.

काकू गेल्यावर वडील सावरून बसले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. मी फ्लॉपी घालून प्रोग्राम बसवायला गेलो, तर हा प्रोग्राम या प्रणालीवर चालत नाही, अशी सूचना आली. पुन्हा केले, पुन्हा तीच. मग मी फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली. उघडली, हे खरे. पडद्यावर रोमन अक्षरांच्या ओळी आल्या, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर, मधूनच पौंडाची खूण, मधूनच खंजिराची. एकशे चार पाने तशी होती. मी शेवटपर्यंत गेलो, जणू कोठेतरी पुढे मराठी सुरू होईल.

"वाचतंस मां?" वडिलांनी विचारले.

"आज नको, बाबा. नवीन घातलंय ना, जरा बसू दे."

हे माझे पहिले खोटे. ते इतके सहज निघाले, की मला ते खोटे वाटलेही नाही.

पुढच्या आठवड्यात कोणाकडून तरी जुनी प्रणाली मिळवली, नवी पुसून ती पुन्हा बसवली आणि फ्लॉपी घातली. या वेळी निराळी सूचना आली: फ्लॉपीवर परवाना शिल्लक नाही. मी गिरगावला गेलो. त्या गृहस्थांच्या खोलीत आता अर्ध्या जागेत पत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले आणि चष्मा काढला.

"पुसायच्या आधी परवाना काढून घेतलात का?"

"म्हणजे?"

"प्रोग्राम बसवला की परवाना फ्लॉपीतून यंत्रात जातो. यंत्र पुसायचं तर आधी तो परत फ्लॉपीवर घ्यायचा. कागदावर लिहून दिलं होतं मी."

"मी सगळंच पुसलं. दसरा होता."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पाण्यानं नाही ना धुतलंत?"

मग त्यांना स्वतःच्या विनोदाचे वाईट वाटले असावे. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि सावकाश समजावून सांगितले. नवे परवाने देण्याची त्यांची व्यवस्था बंद पडली होती. ज्या यंत्रावर ते फ्लॉप्या तयार करीत ते गेले होते. आता ते प्रोग्राम सोडून छपाईच करीत होते. प्रत्येक अक्षराला त्यांनी स्वतःच्या मनाने एक क्रमांक दिला होता. तो तक्ता त्यांच्या त्या यंत्रातच होता.

"मजकूर कुणाचा आहे?" त्यांनी विचारले.

"वडिलांचा."

"मग काय अडलंय? वडील आहेत ना? पुन्हा सांगतील. आणि तुम्हीच टंकित केलंय, म्हणजे अर्धं तर पाठच असेल."

जिना उतरताना मी आठवून पाहिले. पहिले पान थोडेसे आठवत होते. त्यानंतरचे काही नाही. जवळजवळ पाच महिने रोज दीड तास ज्या माणसाच्या पुढ्यात बसलो, त्याने मला काय सांगितले हे मला ठाऊक नव्हते. गिरगावातून लालबागपर्यंत मी चालत आलो. बस आल्या आणि गेल्या.

घरी जाऊन हे जसेच्या तसे सांगायचे होते. मी सांगितले नाही. मशीन दुरुस्तीला दिले आहे, असे म्हणालो. मशीन तेथेच, त्यांच्यापासून चार हातांवर होते. त्यावर कापड घातले होते. दिवाळी झाली. वडील रोज विचारीत नसत. ते सकाळी सात वाजता सावरून बसत, एवढेच. मी पोळ्या लाटत असे. साडेआठ वाजले की ते पाय खाली सोडीत.

शेवटी एका रविवारी मी कापड काढले आणि म्हणालो, "बाबा, मशीन आलं. वाचतो."

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्या टोप्यांच्या आणि खंजिरांच्या ओळींसमोर बसून मी वाचण्याचे नाटक केले. पहिले पान आठवत होते, ते सांगितले. त्यानंतर मी रचू लागलो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक मेला जसे येते तसे: गिरणगाव पेटून उठले, तरुणांनी छातीचा कोट केला, घोषणांनी आसमंत दणाणला. माझा आवाज भरून आला होता, आणि ते खोटे नव्हते, यानेच मला अधिक लाज वाटते. दहा-बारा मिनिटे वडील मान खाली घालून ऐकत होते.

"ह्या माजा न्हय," ते हळू म्हणाले.

मी थांबलो.

"बरा लिवलंस. पण ह्या माजा न्हय." त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे चोळले. "चपलांचा वाच."

"कसल्या चपला?"

हे शब्द माझ्या तोंडून गेले. खाली नळावर बायकांचे बोलणे चालू होते. वडिलांनी चेहरा माझ्या दिशेने वळवला. त्यांना मी दिसत नव्हतो हे मला माहीत होते, तरी मी नजर खाली घातली.

"म्हणजे तू ऐकलंसच नाय," ते म्हणाले. विचारले नाही, फक्त म्हणाले.

मग मी सर्व सांगितले; प्रोग्राम, परवाना, गिरगाव, सर्व. ते सांगताना मला बरे वाटत होते, कारण ती सारी यंत्राची कारणे होती.  मी म्हणालो, "बाबा, पुन्हा सांगा. मी हातानं लिहून घेतो. वहीत."

"एकदा सांगूक धीर झालो," ते म्हणाले. "चाळीसपेक्षा जास्त वर्सा लागली त्याका. आता परत खंयसून आणू?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी काही उत्तर दिले असते. दुसऱ्या दिवसापासून ते सात वाजता सावरून बसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. त्या वर्षी ते संत्री घेऊन परळलाही गेले नाहीत. चैत्रात, दोन दिवसांच्या तापाने, ते गेले.

तेराव्याला आत्या आल्या. बसल्या, पाणी घेतले, आणि जाताना दारात मला म्हणाल्या, "तुझे बाबा म्हणाले होते, माझ्यासाठी काही लिहून घेतलंय म्हणून."

"हो. मशीन बिघडलंय, आत्या. सुरू झालं की आणून देतो."

"सावकाश दे," त्या म्हणाल्या. "घाई नाही. आमची आई होती तोवर घाई होती."

यानंतर परळच्या, रुळांवरच्या पुलावरून जाणे मी टाळू लागलो. एकदा त्या मला मंडईत दिसल्या, भाजी निवडत होत्या. मी मासळीच्या बाजूला वळलो आणि विनाकारण बांगडे विकत घेऊन आलो. त्या दोन सीड्यांतली फाईल मी पुढच्या प्रत्येक संगणकावर उतरवीत गेलो. प्रणाल्या बदलत गेल्या, माझी बढती झाली, केस पांढरे झाले. फाईल प्रत्येक ठिकाणी उघडत असे, आणि तशीच असे. जुन्या मराठी अक्षरांचे नव्या अक्षरांत रूपांतर करणारी साधने पुढे निघाली. मी ती पाहिली. त्यांच्या याद्यांत मोठमोठ्या प्रोग्रामांची नावे होती. गिरगावच्या दुसऱ्या मजल्यावरच्या प्रोग्रामचे नव्हते. ते नाही हे पाहून मला निराशेबरोबर थोडी सुटकाही वाटत असे. खरे तर मी प्रयत्न केला नाही. वाचता आले असते, तर चपला कोणत्या हे कळले असते.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा खोली रिकामी करावी लागली. वडिलांची पत्र्याची ट्रंक मी कधी तळापर्यंत उपसली नव्हती. तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली, प्लास्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेला एक कागद निघाला. सुरुवातीच्या आठवड्यात, कसे दिसते ते पाहावे म्हणून, पहिले पान मी कचेरीत छापून आणले होते. ते वडिलांनी हातात घेऊन त्याचा वास घेतला होता. त्यांना त्यावरचे एकही अक्षर दिसत नव्हते, आणि त्यांनी ते ठेवून दिले होते.

एका बाजूला ते मराठी पान आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावरचे पहिले पान. तोच मजकूर. पौंडाची खूण असे तेथे छापील पानावर कोणते अक्षर आहे, हे आता पाहता येत होते. मी एक लांब वही आणली आणि तक्ता करायला घेतला. पहिल्या पानावर न आलेली अक्षरे पुढे संदर्भाने ओळखावी लागली. काही जोडाक्षरे दोन-दोन महिने अडून राहिली. मी रोज सकाळी सात ते साडेआठ हे काम करीत असे. नव्या इमारतीत, एकोणिसाव्या मजल्यावर, जेथे शेजाऱ्यांचा आवाज येत नाही आणि कोणी गोडाची वाटी घेऊन दारात थबकत नाही. एका दिवसात अर्धे पान झाले तर पुष्कळ. एकेक खूण पाहायची, तक्त्यात शोधायची, अक्षर लिहायचे. शब्द पुरा होईपर्यंत तो काय आहे हे कळत नसे. अशा रीतीने वाचणारा माणूस मजकुरात शिरल्यावाचून राहूच शकत नाही. टंकलेखनाच्या सरांनी माझे ते वहीचे पान फाडून टाकले असते.

अकराव्या पानावर मला पहिल्यांदा ते दिसले. वडील प्रभातफेरीचे वर्णन करीत होते, आपल्या निबंधाच्या मराठीत, आणि वाक्याच्या मध्येच लिहिलेले होते: चाय थंड झाली तुजी. पुढे पुन्हा प्रभातफेरी. माझ्या बोटांनी काहीही न निवडता, न गाळता, जे कानावर पडले ते सर्व उतरवले होते. यानंतर ते अधूनमधून येत राहिले. वायच थांब. दम लागता. आणि पुढे पुढे, वारंवार: ऐकतंस मां. फाईलमध्ये त्यापुढे काही नाही. माझा "हं" मी टंकित केला नव्हता.

चपला अठ्ठ्याऐंशीव्या पानावर होत्या. ती पाने मी येथे पूर्ण देत नाही. ती माझी नाहीत. एक तुकडा देतो.

"माझ्या पायात नव्या चपला होत्या. पळताना उजव्या पायातली निघाली. तो पुढे होता, तो सुटला होता. मी चपलेसाठी थांबलो. त्याने वळून पाहिले आणि तो माझ्यासाठी परत आला. ऐकतंस मां. त्याने मला बोळात ढकलले. तेवढ्यात मागची गर्दी आली आणि तो खाली गेला. मी बोळातून पाहत होतो. मी बाहेर आलो नाही. ऐकतंस मां बाबू. नंतर सर्वांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, तो आपणहून पुढे पळाला. आमच्या चाळीतल्या बायका म्हणाल्या, त्या पलीकडच्या चाळीतल्या पोराने आमच्या पोराला नादी लावले. मी ऐकून घेतले. त्याच्या वडिलांनी मरेपर्यंत त्याला माफ केले नाही, की घरचे नको सांगत असता पुढे गेला. मी दरवर्षी त्यांच्याकडे संत्री नेली. ऐकतंस मां."

 मग चार पाने स्वच्छ अक्षरांत हाताने लिहून काढली आणि परळला गेलो.

आत्या त्याच चाळीत होत्या. खूप वाकल्या होत्या, पण मला आवाजावरून नव्हे, चेहऱ्यावरून ओळखले. "झालं का मशीन सुरू?" त्यांनी विचारले. टोमणा होता की नाही, मला कळले नाही. बुद्धाच्या तसबिरीखाली वेताचे स्टूल होते, त्यावर मला बसवले. मी वाचले. मधले शब्द गाळावेत का, याचा वाटेत विचार केला होता, गाळले नाहीत.

"हे 'ऐकतंस मां' कुणाला म्हणाला?"

"मला."

त्यांनी मान हलवली. मी पुढे वाचले. चारही पाने संपली.

"म्हणजे दादा मागे वळला होता."

"हो."

"आई म्हणायची, असेल काहीतरी, तो असा पुढे जाणारा नाही. बाबा ऐकायचे नाहीत." मग म्हणाल्या, "हे इतकी वर्षं कुठे होतं?"

"माझ्याकडेच होतं, आत्या. मशीनमुळे वाचता येत नव्हतं. पण त्यांनी सांगितलं तेव्हा मी समोर होतो. मी ऐकलं असतं, तर तुमच्याकडे त्याच दिवशी आलं असतं."

 जिन्यात पोरे धावत होती. ती खाली जाईपर्यंत त्या थांबल्या.

"आणि चपला?" त्यांनी विचारले. "मिळाली का तुझ्या बाबांना ती चप्पल?"

मी पानाकडे पाहिले. पाहण्याची गरज नव्हती; चारही पाने आता मला पाठ होती.

"ते लिहिलेलं नाही. मी तेव्हा विचारलं नाही."

"हं," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली, पाय जवळ घेतले आणि डोळे मिटले.

"पुन्हा वाच. तो वळला, तिथून."

मी तेथून वाचू लागलो.